उजेड तिरपा धरला की

मार्च लागला तरी सुन्ड्सवालच्या रस्त्यांवर मीठ.
गाडीचा निळा रंग कुठल्या कुठे गेला आहे,
दारांवर पांढरी पुटं,
पिंपात खारवायला टाकलेला हेरिंग जसा.

सिक्स्टेन डाव्या हाताने पट्टा लावतो.
उजवा मांडीवर पडून, ऑक्टोबरपासून,
कुणी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

"ब्रशवाल्याकडे नको."
शब्द हल्ली चाचपडत येतात त्याचे,
हे वाक्य मात्र धडधडीत आलं.

सव्वीस वर्षं यंत्र लागू दिलं नाही या गाडीला.
शनिवार, कोमट पाणी, एक बादली,
आणि तो पिवळा स्पंज
(एकदा मी त्याने कढई पुसली, तर दोन दिवस अबोला).
शेजारच्या ओडव्हारने नवी गाडी यंत्रात घातली
तेव्हा हा कुंपणापाशी उभा, टोपी काढून.
म्हणायचा, आपल्याआधी आत कोण गेलं, ठाऊक आहे?
जंगलातून आलेला लाकूडवाला!
त्याची वाळू ब्रशाच्या केसांत बसते,
मग तोच ब्रश तुमच्या दारावर.
म्हणजे दुसऱ्याच्या चिखलाने आपलं तोंड धुवायचं.

मी म्हटलं, आणि खालून मीठ पत्रा खातंय ते?
रंग राखू की गाडी?
माझी मनगटं काय म्हणतात ते मी बोलले नाही.
नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र होतं, त्यावर पाटी: गोठले आहे.
"त्यात औषध जहाल असतं," हा म्हणाला,
बंद आहे म्हणून जरा खूश होऊन.

आरसे मिटले. चाक रुळात बसलं.
काचेवरून फेस उतरला आणि दुपारची रात्र झाली.
मग दोन्हीकडून ते आले,
ओल्या अस्वलांसारखे अंग घुसळत.
सिक्स्टेनने डोळे मिटून घेतले
आणि एकेक नाव घेऊ लागला,
यादीवर खूण करावी तसा:
"बॉनेट."
"छप्पर."
थोड्या वेळाने, "माझं दार."

बाहेर ऊन इतकं खाली आलेलं की डोळ्यांत शिरत होतं.
फिलमोन नावाचा पोरगा आरसे पुसायला आला.
"टॉर्च," सिक्स्टेन म्हणाला. "तिरपा धर."
पोराने फोनचा उजेड तिरपा धरला
आणि निळ्यावर हजार वर्तुळं उमटली,
केसाएवढी बारीक, एकात एक,
उजेडाभोवती फेर धरून.

"बघ!" हा मला म्हणाला. किती दिवसांनी जिंकला होता.

फिलमोन वाकला. अंगठ्याने चाचपलं.
"हे आजचे नाहीत, आजोबा.
ब्रशाचे लांब जातात, एका दिशेने.
तेही आहेत, हे बघा, मुठीच्या वर तीन-चार.
पण हे गोल आहेत. हाताचे आहेत. फार जुने.
कुणीतरी नेमाने धुतलीय, एकाच बादलीत स्पंज बुडवून.
वाळू काढायची आणि तीच परत लावायची."
मग जरा थांबून, "पॉलिशने जातील. अठराशे क्रोनर."

सिक्स्टेन कितीतरी वेळ बॉनेट वाचत राहिला.
चेहऱ्याची जी बाजू हसू शकते
तिला काय करावं कळत नव्हतं.
त्याला शब्द सापडायच्या आत मी म्हटलं, नको.
महाग आहे, म्हटलं.

वाटेत हार्डवेअरच्या दुकानाशी थांबले.
बाहेर आले तेव्हा माझ्या हातात लाल बादली.
त्याने विचारलं नाही कशाला.
मांडीवर घेतली, डाव्या हाताने उजवा उचलला
आणि आत ठेवला, अलगद.

घराच्या वळणापर्यंत पुढे मिठाचा ट्रक होता.
खडे बॉनेटवर तडतडत होते.